वन्संचा खुबा

"एवढ्या उंचावर बसवलंय, आता खाली लोकांनी अर्ज घेऊन रांग लावायचीच बाकी राहिलीय."

बाथरूमच्या दाराआडून हे ऐकू आलं. कुणाला उद्देशून नव्हतं, वन्सं स्वतःशीच पुटपुटत होत्या. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी होते आणि मला हसू आवरत नव्हतं, कारण ती सीट मीच निवडली होती.

खुबा बदलला की माणसाने खाली वाकून बसायचं नसतं, म्हणून कमोडवर प्लॅस्टिकची उंच सीट बसवतात. हॉस्पिटलसमोरच्या दुकानात दोन मापांच्या होत्या. दुकानदाराने विचारलं होतं, पेशंट उंच आहे की बुटका. आमच्या वन्सं माझ्या खांद्याला लागतात. मी म्हटलं, मोठी द्या. आता त्या बसल्या की टाचा जमिनीला टेकत नव्हत्या.

सुरुवात ही अशी झाली. छोटी, प्लॅस्टिकची, पण झाली.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. वय सदुसष्ट. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी माणूस समोर आला की तो वर्गात उशिरा आलाय अशा नजरेने बघायच्या. डावा खुबा सहा वर्षांपासून झिजत होता. शेवटी हाडावर हाड घासायला लागलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता बदलूनच टाकू. त्या एकट्या राहतात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा दूर, विमानाने जावं लागतं इतका. ऑपरेशननंतर सहा आठवडे कुठे राहायचं हा प्रश्न आला. ह्यांनी लगेच एका आरोग्यकेंद्राचा कागद आणून ठेवला, तिथे नर्सबिर्स असतात, तू कशाला दमतेस म्हणाले. मला बरं वाटलं, एवढी काळजी त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती. पण मी आपणहून म्हटलं, आपलं घर तळमजल्यावर आहे, वन्सं इथेच येतील.

सगळ्यांनी मला देवमाणूस ठरवलं. भाच्याने फोनवर रडून दाखवलं. मामी, तू आहेस म्हणून मी तिकडे शांत झोपतो, म्हणाला.

त्याला काय माहीत, मी एकोणीस वर्षं शांत झोपले नव्हते.

सांगूनच टाकते. एकोणीस वर्षांपूर्वी वन्सं आमच्याकडेच राहायच्या. नवरा गेला होता, मुलगा शाळेत होता. घरातला फोन त्यांच्या खोलीच्या दाराशी. त्या आठवड्यात शाळांना सुट्टी होती आणि आमच्याकडे पाहुणे उतरले होते. ह्यांचं चष्म्याचं दुकान तेव्हा नुकतं मूळ धरू लागलं होतं आणि त्यात भागीदार म्हणून येऊ म्हणणारे गृहस्थ सहकुटुंब दोन दिवस राहून सगळं बघणार होते. सात माणसांचं रांधायला मी एकटी. मंगळवारी दुपारी तीनला माझ्या भावाचा फोन आला: आईचं काही खरं नाही, लगेच निघ. बुधवारी सकाळी अकराला आई गेली. मला कळलं बुधवारी रात्री नऊला, पाहुण्यांची गाडी गल्लीच्या टोकाला वळल्यावर. तीस तास. ह्यांनी येऊन सांगितलं, आत्ताच फोन आला होता म्हणून. मी पोचले तेव्हा सगळं उरकून घर धुऊन झालं होतं.

भावाने विचारलं, मंगळवारीच तर कळवलं होतं, इतका उशीर का? दोन्ही वेळा फोन तुझ्या नणंदेनेच उचलला.

परत आले. वाट बघितली की त्या काही बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या की तुझी आई सुटली, फार हाल झाले नाहीत ना? मी म्हटलं, नाही. पुढे कुणीच काही बोललं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, गडबडीत राहून गेलं गं. मग मला माफ करावं लागलं असतं, आणि तेवढी माझी तयारी नव्हती. आजही नाही.

मला त्यांच्याकडून फक्त एक वाक्य हवं होतं. फोन मी घेतला होता. एवढंच. ते त्यांच्या तोंडून काढायला आता माझ्याकडे सहा आठवडे होते. सहाव्या आठवड्यात एक्स-रे, तो चांगला आला की त्या आपल्या घरी.

हॉस्पिटलमधून निघताना नियमांचा कागद दिला. तो मी फ्रिजवर चिकटवला. कमरेत नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. ऑपरेशनचा पाय आत वळवायचा नाही. झोपताना दोन्ही पायांत जाड उशी, कूस बदलायची नाही. हे मोडलं तर नवा सांधा खोबणीतून निसटतो. लोक असे कागद एकदा वाचून ठेवतात. मी पाठ केला. मी कुठलीच गोष्ट कुणाकडे जाऊन शिकलेली नाही, जे आलं ते कागद वाचून आणि वस्तू उसवून. शिवणकामसुद्धा. घरीच करते, नवं शिवत नाही, लोकांचं असलेलं बसतं करून देते. कंबर सैल कर, बाही आखूड कर, चेन बदल. जुने कपडे उसवून बघितल्याशिवाय शिवण कशी घातलीय ते कळत नाही, हे मला लवकर समजलं.

तर कागद. मी त्यातलं अक्षरही सोडलं नाही, हाच माझा डाव होता. वन्सं खुर्चीत बसल्या की मी कापड बेतायची काटकोनी पट्टी आणून त्यांच्या कमरेशी लावायचे. "पंच्याण्णव," म्हणायचे, "मागे व्हा." चमचा घ्यायला पुढे झुकल्या की "वन्सं, नव्वद." वर्तमानपत्र पडलं की "वन्सं, नव्वद." खालची वस्तू उचलायला लांब दांड्याचा चिमटा मिळतो, तो मी आणला होता आणि दाराच्या मागच्या खुंटीला अडकवला होता, पलंगापासून अकरा पावलांवर. म्हणजे प्रत्येक वेळी त्यांनी मला हाक मारायची. हाक आली की मी मनात वीस आकडे मोजायचे आणि मग उठायचे. वॉकर हातापासून वीतभर लांब. मोबाईल समोरच्या फडताळावर, तितक्याच पावलांवर, कारण चार्जरची वायर पलंगापर्यंत पोचत नव्हती. वायर मोठी मिळते, मला माहीत होतं.

सूड घ्यायचा, तोही अहो-जाहो करून. आमच्या घरचं वळणच तसं.

व्यायाम शिकवायला सोमवारी आणि गुरुवारी एक मुलगी यायची. बोलणं लोण्यासारखं, हात सांडशीसारखे. तिने सांगितलं, पंजा वरखाली दहा वेळा, मांडी आवळून धरायची दहा वेळा, टाच सरकवत गुडघा वाकवायचा दहा वेळा, दिवसातून तीनदा. ती गेली की मी मोजायला बसायचे आणि माझे दहा पंधराला संपायचे. मुख्याध्यापिका बाईंना आकडे येत नसतील असं नाही. त्या अकराव्याला माझ्याकडे एकदा बघायच्या आणि बाराव्याला लागायच्या.

आणि इथेच माझं बिनसायला लागलं. त्या तक्रारच करेनात. जे काय पुटपुटायचं ते बाथरूमच्या दाराआड. भाच्याचा फोन आला की म्हणायच्या, वहिनी माझं मुलीसारखं करते. व्यायामाच्या मुलीने विचारलं, चिमटा इतका लांब का, तर म्हणाल्या, मीच सांगितलं, हाक मारली की घसा मोकळा राहतो. सूड घ्यायला समोरचं माणूसही थोडं माजलेलं लागतं. शेळीसारखं पायाशी बसलेल्याशी वैर करायचं म्हणजे आपल्यालाच कसाई झाल्यासारखं वाटतं.

सगळ्यात वाईट ते मोज्यांचं. रक्त गोठू नये म्हणून पायात घट्ट पांढरे मोजे घालायचे असतात, मांडीपर्यंत. ते पेशंटला स्वतःला घालता येत नाहीत, नव्वदचा नियम. मग मी रोज सकाळी त्यांच्या पायाशी गुडघे टेकून बसायचे, मोजा उलटा करून टाचेत बसवायचे, इंच इंच वर ओढायचे. दुश्मनाच्या पायाशी लोटांगण घालून सूड घेणारी मी एकटीच असेन. तोल सावरायला त्या माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या. मी म्हणायचे, खुर्ची धरा. त्या म्हणायच्या, खुर्ची हलते.

तिसऱ्या आठवड्यात टाके निघाले होते. एका दुपारी मी मशीनवर बसलेली असताना त्यांनी मला हाक मारली आणि पलंगावरच्या पिशवीकडे बोट दाखवलं. आत त्यांच्या चार पँट होत्या. म्हणाल्या, यांचे डावे पाय आता सोडून दे, दोन्ही पाय सारखे झालेत.

खुबा झिजत गेला तसा त्यांचा डावा पाय आखूड पडत गेला होता. त्यांचे कपडे माझ्याकडे यायचे तेव्हा मी न विचारता डावीकडे आधी अर्धा, मग पाऊण, शेवटी पुरा इंच आत दुमडत गेले होते. पँट जमिनीला घासून पाय अडकला तर माणूस पडतं. मी कधी बोलले नाही, त्यांनी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

"सहा वर्षं करत होतीस," त्या म्हणाल्या. "मी एकदाही सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, चालताना दिसायचं. आणि शिवण उसवायला घेतली. हात सवयीने चालत होते, आतून मात्र मी चरफडत होते. आभार मानायला येतं या बाईला, आडवळणाने का होईना. म्हणजे जीभ झडलेली नाही. मग ते एक वाक्य कुठे अडकलंय?

त्या संध्याकाळी मी ह्यांच्याजवळ विषय काढलाच. म्हटलं, आपल्या बहिणीला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नसेल का हो, की माझ्या आईचं सांगावं? हे म्हणाले, त्या सीटचा एक स्क्रू ढिला वाटतोय, आणि पाना घेऊन बाथरूममध्ये गेले. तो स्क्रू त्या आठवड्यात त्यांनी चौथ्यांदा आवळला.

मग पाचवा आठवडा आला. गुरुवारी सकाळी अकराला वन्सं आंघोळीला गेल्या असताना फडताळावरचा त्यांचा मोबाईल वाजला. फोन मी घेतला.

भाचा होता. त्याच्या बायकोचे दिवस भरायला अजून पाच आठवडे होते, पण पहाटे पोटात दुखायला लागलं आणि मुलगी झाली. वजन जेमतेम दोन किलो, काचेच्या पेटीत ठेवलीय, श्वास आपला आपण घेतेय, डॉक्टर म्हणतात दोन दिवस लक्ष ठेवू. त्याचा आवाज कापत होता. मामी, आईला लगेच सांग, मला तिच्याशी बोलायचंय.

मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हे: तुझी आई आत्ताच झोपलीय रे, रात्रभर पाय ठणकत होता. उठली की सांगते.

फोन ठेवला. त्याचा आवाज बंद केला. घड्याळाकडे बघितलं. तीस तास म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी पाच. माझं कामच मापाचं, इंचाचाही फरक मी होऊ देत नाही.

दुपारी त्याने माझ्या फोनवर केला. मी म्हटलं, सांगितलं, फार आनंद झाला तिला, पण रडून रडून दमली, उद्या बोलेल. इतकं सफाईने खोटं मला येतं हे मला नव्यानेच कळलं. त्याने दोघींच्या फोनवर फोटो पाठवला. मुठीएवढं तोंड, नाकात नळी, डोक्यावर त्या पोरीच्या मापाला चार बोटं मोठी टोपी. ती टोपी कुणीतरी आत घ्यायला हवी होती. मी फोन उपडा ठेवला.

ह्यांना काही बोलले नाही. वन्संना जेवण दिलं, गोळ्या दिल्या, पंधरा-पंधराचे व्यायाम घेतले. त्या दोनदा म्हणाल्या की आज फोन नाही आला. मी म्हटलं, कामात असेल. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. त्या नजरेखाली त्यांच्या हाताखालची कितीतरी पोरं कबुलीजबाब देऊन मोकळी झाली असतील. मी ताट उचललं आणि स्वयंपाकघरात गेले.

वाटलं होतं, गोड लागेल. लागत नव्हतं. आईच्या वेळी या घरात कुणाला तरी हे असंच जड गेलं असेल का, असं एकदा मनात आलं. म्हटलं, जड गेलं असतं तर सांगितलं नसतं का. आणि मन घट्ट केलं.

शुक्रवारी सकाळी नऊला मी चहा गाळत होते. हे बाहेरच्या खोलीत दुकानात निघायची तयारी करत होते. वॉकरच्या रबरी पायांचा आवाज आला, टक, मग घसट, मग टक. कुणी हाक मारली नव्हती. मी गाळणं हातात घेऊनच धावले, कारण एकट्याने चालायची परवानगी अजून नव्हती, आणि खरं सांगायचं तर कारण मला ठाऊक होतं त्या कुठे चालल्यात.

वन्सं फडताळापाशी उभ्या होत्या. अकरा पावलं एकट्याने. पाठ ताठ, कमरेत वाक नाही, पंजा सरळ पुढे, सगळे नियम पाळून. हातात मोबाईल होता. त्यावर सतरा न घेतलेले फोन होते आणि तो फोटो होता.

मी खुर्ची पुढे ओढली. त्या बसल्या नाहीत. फोटो बोटांनी मोठा केला, चष्मा कपाळावर सारून पुन्हा बघितला. मी वाट बघत होते त्या कडाडतील, मला काय वाट्टेल ते बोलतील, मग मीही बोलेन. एकोणीस वर्षांचं बोलणं माझ्या गळ्याशी आलं होतं.

"कधी आला फोन?" त्यांनी विचारलं.

"काल अकराला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मुख्याध्यापिका बाईंना हिशेब करायला वेळ लागत नाही.

"बावीस झाले," त्या म्हणाल्या. "म्हणजे अजून आठ राहिलेत."

माझ्या हातातल्या गाळण्यातून चहाचे थेंब फरशीवर पडत होते. त्या मोजत होत्या. इतकी वर्षं त्यांनीही तोच आकडा जपून ठेवला होता.

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "घे. पुरे करायचे असतील तर पुरे कर. पोर बरी आहे, फोटोत दिसतंय मला. आठ तास मी बसेन."

मी फोन घेतला नाही. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला, कारण ही माझी वेळ होती. मी म्हटलं, लावा त्याला, आधी त्याला लावा. त्या म्हणाल्या, लावते, पण आधी एक राहिलंय.

दारात हे येऊन उभे होते. एका पायात बूट, दुसरा हातात. काय झालं, असं त्यांनी विचारलं, पण आमच्याकडे न बघता, त्या फोनकडे बघून. मग म्हणाले, ताई, तू बस आधी, पाय दुखेल, नंतर बोलू आपण. आणि मला म्हणाले, तू चहा आण.

"ती कुठे जाणार नाही," वन्सं म्हणाल्या. "आणि तूही जायचं नाहीस, बाळ्या. आज स्क्रू नाही, दुकान नाही."

अठ्ठावन्न वर्षांचा माझा नवरा हातात बूट धरून वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा उभा राहिला. त्याचं तोंड मी बघितलं. त्या तोंडावर आश्चर्य नव्हतं.

वन्संनी वॉकर सोडला. एक हात फडताळावर ठेवला, दुसरा माझ्या खांद्यावर, रोज मोजे घालताना डोक्यावर ठेवायच्या तितक्याच सहज.

"फोन मी घेतला होता, वहिनी. मंगळवारी तीनला. तू मागे भांडी घासत होतीस, मला नळाचा आवाज येत होता. दहा पावलं चालून तुला सांगायचं, तर मी चप्पल घालून दुकानात गेले आणि आधी याला सांगितलं. सव्वातीनला. हा म्हणाला, पाहुणे गेल्यावर सांगू. मी बरं म्हटलं, तो माझा गुन्हा, त्याला माफी मागत नाही. पण एकोणीस वर्षं तू एकट्या माझ्याकडे बघत राहिलीस. अर्धं तरी त्याच्याकडे बघायचं होतंस."